जवायाले शुगर नसते

लघवीची बाटली गालाला लावून बघणारा डॉक्टर मी तरी दुसरा पाहिला नाही.

मेहकरात एका मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या पाठीमागच्या खोलीत माझी लॅब. लॅब म्हणजे काय, तर एक मायक्रोस्कोप, एक आवाज करणारा फ्रिज आणि एक खिडकी. समृद्धी महामार्गावर गाड्या पळायला लागल्या तशी एका ट्रान्सपोर्ट कंपनीनं आपल्या नव्या ड्रायव्हरांची तपासणी आमच्याकडे दिली. नोकरीवर घ्यायच्या आधी डोळे, कान, बीपी, शुगर आणि सगळ्यात शेवटी लघवी. लघवीत नशा सापडली की माणूस तिथूनच परत.

ड्रायव्हर बाटली भरून आणायचा. डॉक्टर झाकण घट्ट आहे का ते बघायचे आणि बाटली सरळ गालाला लावायचे. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवलं.

"थंडी हाये," ते म्हणायचे. "घरून आणली. कोनाची हाये? भावाची का साळ्याची?"

आता ताजी लघवी कोमट असते आणि खिशात लपवून आणलेली गार, एवढं मलाही कळतं. मी म्हटलं, "सर, आपल्याकडे थर्मामीटर आहे की."

"थर्मामीटरले लाज नसते, डोणगाव. मी गालाले लावली का डायवरले लाज येते. मंग तो खरं बोलते."

डोणगाव म्हणजे मी. माझं माहेर डोणगावचं, म्हणून माझं नाव डोणगाव. डॉक्टर कोणालाही नावानं हाक मारत नसत. फॉर्मवर नाव लिहायचे, पण तोंडानं गाव घ्यायचे. "ए लोणार, शर्ट काढ." "सुलतानपूर, जीभ दाखव." मी एकदा विचारलं की असं का हो सर, तर म्हणाले, नाव आईबापानं ठेवलेलं असतं, त्यात त्या माणसाचं काय? मी म्हटलं, गाव तरी त्यानं कुठं निवडलेलं असतं? त्यावर "हाव, तेबी खरं हाये" असं म्हणून त्यांनी पुढच्याला हाक मारली, "चल बे जानेफळ." त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता. ते तुमचं म्हणणं मान्य करायचे आणि आपलंच करायचे.

माझी त्यांच्याकडे सहा वर्षं नोकरी झाली. सहा वर्षांत मला या माणसाचा थांग लागला नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

डोळे तपासायला भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. पण पहिला ड्रायव्हर बाहेर पडला की बाकावरच्या बाकीच्यांना तो तक्ता पाठ करून सांगायचा. हे लक्षात आल्यावर डॉक्टरांनी तक्त्याकडे पाठ करून माणसाला खिडकीत उभं करायला सुरुवात केली. समोरच्या कृषी केंद्राची पाटी वाच. त्याच्या पलीकडच्या सलूनची वाच. सलूनच्या काचेवर आतून काय चिकटवलंय ते सांग. कंपनीच्या फॉर्मवर मात्र सहा बाय सहा वगैरे लिहायचे. रंग ओळखायला टेबलावर एका वाटीत हिरव्या आणि लाल मिरच्या. त्या मिरच्या संध्याकाळी घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी नव्या यायच्या.

कान तपासायची रीत तर विचारूच नका. माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि मागून हळूच म्हणायचं, "चहा घेतं काय?" जो "हाव" म्हणाला तो पास, आणि त्याला खरोखरच चहा मिळायचा. एकदा एक जण दोनदा विचारूनही ढिम्म. डॉक्टरांनी फॉर्मवर कान नापास लिहिले. तो बाहेर जाऊन अर्ध्या तासानं परत आला आणि म्हणाला, "साहेब, मले ऐकू आलं होतं. पन माहा चहा सुटला हाये, आन् तुम्हाले नाही कसं म्हनाव?" डॉक्टरांनी फॉर्म फाडून नवा केला. त्या माणसाला दूध मागवलं.

लघवी द्यायला माणूस आत गेला की डॉक्टर दाराबाहेर उभे. "मेहकरपासून नागपूरपर्यंत गावं सांग. थांबू नको." आतून आवाज यायचा, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा... तोंड चालू असलं की हात लबाडी करत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकावर बसलेल्या बायाबापड्यांना वाटायचं हे काय चाललंय. मलाही वाटायचं.

पण एका बाबतीत हा माणूस दगड होता. जे डोळ्यानं दिसलं तेच लिहायचं. "डोळ्याले दिसलं ते लिहाव, कानाले आलं ते आयकाव, आन् मनात आलं ते चहासंगं गिळाव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कंपनीचा पुण्याचा साहेब फोन करायचा, गाड्या उभ्या आहेत, जरा मोकळ्या हातानं पास करा. त्या साहेबाशी बोलताना डॉक्टर मुद्दाम जास्तच वऱ्हाडी व्हायचे. "आपल्याच्यानं नाई होत बा साहेब, हात बांधेल हायेत." एरवी इंग्रजी पुस्तकं वाचणारा माणूस. फोन ठेवला की मिश्किल हसायचे. त्यांनी कधी कुणाला न तपासता पास केलं नाही की न तपासता नापास केलं नाही. म्हणूनच पुढं जे झालं ते माझ्या डोक्यात अजून बसत नाही.

मागच्या धोंड्याच्या महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी चौघे नवे ड्रायव्हर आले होते. त्यातला एक दुसरबीडचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आधी जीप चालवायचा, आता मोठ्या गाडीचं लायसन्स काढून सोमवारपासून कंपनीत हजर व्हायचं होतं. त्याच्यासोबत त्याचा सासरा आला होता, धाड गावचा. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टं. कोथिंबिरीच्या भावाच्या गप्पा मारत सगळ्या बाकाशी ओळख करून घेतली त्यानं. पोरीच्या लग्नात नातेवाइकांनी नाकं मुरडली होती म्हणे, की जीपवाल्याला पोरगी काय देता. आता जवाई चौदा चाकी गाडीवर जाणार, म्हणून सासरा स्वतः डोळ्यानं बघायला आला होता.

"कालच धोंडे जेवू घातले आमी जवाईबापूले," तो मला सांगत होता. "तेहतीस अनारशाचं वान देल्लं. घरी पोचूबी देल्लं नाई यानं. जीपमधी बसल्या बसल्या निम्मे खाल्ले."

जवाई लाजून खाली बघत होता. उंचापुरा गडी, पण सासऱ्यापुढं अगदी गरीब गाय.

त्याची बाटली डॉक्टरांनी गालाला लावली. कोमट. माझ्याकडे दिली. मी पट्टी बुडवली.

आता या पट्टीचं एक सांगायला हवं. नशेच्या पट्टीचं काम उलटं असतं. दोन रेघा आल्या तर माणूस साफ. एकच रेघ आली तर लघवीत ती नशा आहे. गरोदरपणाची पट्टी रोज लावणाऱ्या माझ्यासारखीला याची सवय व्हायला महिना लागला. तर, गांजाच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. अफूच्या पट्टीवर एक.

मी दुसरी पट्टी लावली. एकच रेघ.

आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जायचं सोडून मी खोलीच्या दारातूनच ओरडले, "सर, दुसरबीडच्या लघवीत अफू आली हो!"

आख्खा बाक ऐकत होता. सासरा उभा राहिला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. राग नंतर आला, आधी नुसता गोंधळ होता, जसं काही त्याला कुणी दुसऱ्याच माणसाच्या नावानं हाक मारली.

"अफू?" तो जवायाला म्हणाला. "तुमी अफू खाता?"

"नाई मामा. देवाची आन. म्या पाह्यलीबी नाई कधी."

"मशीन खोटं बोलन काय?"

 जवाई माझ्याकडे बघायला लागला. मी डॉक्टरांकडे बघायला लागले.

कंपनीचा नियम असा होता की रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पाठवायचा. अफू सापडली की त्या माणसाचं नाव सगळ्या शाखांत जाणार आणि मग त्याला कुठलीच मोठी गाडी मिळणार नाही. पण तेवढ्यावर थांबत नव्हतं. सासरा दुपट्टं झटकून म्हणत होता, "मी इथून सरळ दुसरबीडले जातो आन् पोरीले घेऊन धाडले जातो. गंजडी-अफूवाल्याच्या घरी माही पोरगी ठिवनार नाई मी." आणि तो बोलून बदलणारा माणूस वाटत नव्हता. एका पट्टीच्या रेघेवर नोकरी चालली होती आणि बायकोही.

डॉक्टर शांतपणे आले. माझ्या हातातली पट्टी घेऊन पाहिली. त्यांनी ड्रायव्हरला समोर बसवलं.

"दुसरबीड, काल काय खाल्लं?"

"धोंडे, साहेब. वरनभात. भजे."

"आनखी?"

"अनारसे."

"किती?"

"मोजले नाईत साहेब. पंधरा-सोळा असतीन. सकाळी उठूनबी चार खाल्ले."

"खसखस किती होती त्यायवर?"

हे ऐकून मला वाटलं झालं, आता सरांचं डोकं कायमचं गेलं. ड्रायव्हरनंही तोंड उघडं टाकलं. उत्तर सासऱ्यानं दिलं, आणि तेही अभिमानानं. "दोन्हीकून खसखस लावते आमची मंडळी. लोकं एकाच बाजूनं लावतेत, चिंगूस."

डॉक्टरांनी कपाटातलं एक जाडं पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि समजावून सांगितलं. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बियांत नशा नसते, पण भरपूर खाल्लं तर अंश लघवीत उतरतो आणि पट्टीला एवढं बारीक कळत नाही. ती रेघ दाखवते.

मला वाटलं सुटलो. पण सासरा आणखीच भडकला.

"म्हंजे माही बायको अनारशात अफू घालते, असं म्हनता तुमी?"

"तसं नाई धाड, आयक..."

"खसखस तं आमी बाळंतिनीले खाऊ घालतो. चार पिढ्या झाल्या. आमच्या घरच्या बायांनी जवायाले अफू चारली, असं लिहून देता काय कंपनीले? आन् पुस्तकाचं मले सांगू नका. पुस्तक इंग्रजीत हाये, त्यात काय लिहिलं ते मले काय मालूम. तुमी जवायाले वाचवून राह्यले."

म्हणजे आता प्रकरण असं झालं की जवाई सुटला तर सासू अडकते, आणि सासू सुटली तर जवाई अडकतो. बाकावरची माणसंही दोन बाजूंना वाटली गेली. एक म्हातारी म्हणाली की खसखशीनं झोप येते हे खरं आहे. दुसऱ्यानं तिला गप्प बसवलं. जवाई डोकं धरून बसला होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, राहू द्या नोकरी. फक्त मामाले समजवा. ते तिले घेऊन जातीन." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला इतकं वाईट वाटलं की ती पट्टी कुठंतरी फेकून द्यावी.

डॉक्टर उठले आणि मागं गेले. तीन-चार मिनिटांनी आले ते हातात बाटली घेऊन. माझ्यासमोर धरली.

"डोणगाव, याची पट्टी लाव. अठीच, सगळ्याइच्या समोर."

"कोणाची आहे सर?"

"माही."

मी टेबल ओढून बाहेर घेतलं, पट्टी बुडवली आणि आडवी ठेवली. सासरा वाकून बघत होता. जवाई बघत होता. बाकावरचे उठून भोवती गोळा झाले. एक रेघ आली. दुसरी येईल म्हणून आम्ही सगळे थांबलो. ती आली नाही.

"एकच हाये," सासरा म्हणाला.

"मीबी जवाई हाये, धाड," डॉक्टर म्हणाले. "मह्या सासुरवाडीहूनबी अनारसे आले. आठ खाल्ले म्या. आता सांग, मीबी अफू खातो काय?"

सासऱ्यानं टोपी काढली, परत घातली. डॉक्टरांकडे पाहिलं, जवायाकडे पाहिलं. मग एकाएकी हसायला लागला. "तुमीबी? या वयात? अनारसे?" त्याचं हसू पाहून बाक हसला, जवाईही डोळे पुसत हसला, आणि मीही हसले. कुणी तरी म्हणालं, धोंड्याच्या महिन्यात गावातल्या सगळ्या जवायांना धरून नेलं तर तुरुंग पुरायचा नाही. सासऱ्यानं जवायाच्या पाठीवर हात ठेवला आणि "चला, रसवंतीत बसू" म्हणाला. जवाई जाताना डॉक्टरांच्या पाया पडला.

पुण्याच्या साहेबाला डॉक्टरांनी फोनवर सगळं सांगितलं. स्वतःच्या पट्टीचंही. खसखस न खाता आठ दिवसांनी पुन्हा तपासतो, तोवर नाव कुठं पाठवू नका म्हणाले. साहेबानं आधी ऐकून घेतलं नाही. "डॉक्टर, तुमची पण पॉझिटिव्ह?" असं म्हणून तो जो हसत सुटला, ते मला लॅबमध्ये ऐकू आलं. मग कबूल झाला. आठ दिवसांनी दुसरबीडच्या पट्टीवर दोन ठसठशीत रेघा आल्या. नोकरी पक्की झाली. आता त्याची गाडी नागपूर-मुंबई असते आणि त्याला मुलगी झालीय.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मला एक शंका आली होती, ती मी बोलूनही दाखवली. डॉक्टरांना शुगर होती. चहासुद्धा बिनसाखरेचा. त्या उन्हाळ्यापासून बारीकही झाले होते, पँट पट्ट्यानं आवळलेली असायची.

"सर, तुम्हाला शुगर असून आठ अनारसे खाल्ले?"

"जवायाले शुगर नसते, डोणगाव."

"काकू काही बोलल्या नाहीत?"

"जा, बाटल्या धुवून घे."

दुसरबीडची दुसरी पट्टी झाली त्या दिवशी मी थट्टेनं म्हटलं, "सर, तुमचीही परत लावू का?" तर म्हणाले, "मले कुठी गाडी चालवाची हाये?" मी हसून सोडून दिलं.

माझा स्वभाव चिकित्सक आहे, आणि पटल्याशिवाय मला झोप येत नाही. दिवाळीत मी घरच्या अनारशांना दोन्ही बाजूंनी खसखस लावली, दोन दिवस तेच खाल्ले, आणि लॅबमधली एक पट्टी घरी आणून स्वतःची लघवी तपासली. एकच रेघ. म्हणजे दुसरबीडचा गडी खरा होता आणि डॉक्टरांचं पुस्तकही खरं होतं. मी आनंदानं फोन लावला. तेव्हा ते दवाखान्यात येत नव्हते, पाठ धरलीय म्हणायचे. फोनवर म्हणाले, "मंग? म्या काय सांगतलं होतं?" आवाज बारीक झाला होता. आमचं ते शेवटचं बोलणं.

थंडीत ते गेले. कॅन्सर होता, पोटातला, हे मला तेव्हा कळलं. सहा वर्षं रोज ज्यांच्यासोबत काम केलं त्यांचं रक्त मी एकदाही तपासलं नव्हतं. त्यांनी ते अकोल्याला तपासलं होतं.

तेरवी झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. दवाखान्याचं सामान घरी पडलं होतं, त्यातलं कामाचं मी न्यावं म्हणाल्या. मी डॉक्टरांच्या टेबलाचा ड्रॉवर आवरत बसले. काकू पलंगावर बसून बोलत होत्या. आठवण निघाली म्हणून मी धाडच्या सासऱ्याचा किस्सा सांगितला. काकूंना तो माहीतच नव्हता. त्या ऐकताना हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि मग थांबल्या.

"अनारसे? कुठून आले म्हने?"

"तुमच्या माहेरून, काकू. धोंड्याचे."

"माह्या माहेराले कुलूप हाये, बाई. माय गेली, भाऊ नाई. मले कोन पाठवते अनारसे? अन् त्यायच्या तोंडी तं मी गोडाचा कन लागू देत नव्हती."

माझ्या हातात तेव्हा ड्रॉवरातली गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. औषधाचं नाव मी वाचलं. मॉर्फिन. अफूपासूनच करतात. कॅन्सरच्या दुखण्यावर देतात.

"या कधीपासून चालू होत्या काकू?"

"उन्हाळ्यापासून. कोनाले सांगू नको म्हने. डायवर तपासाले येनार नाईत म्हने मंग."

मी पाकिटं परत ड्रॉवरात ठेवली. घरी येताना मला डॉक्टरांचा राग आला होता, आणि कशाचा राग ते कळत नव्हतं. जो माणूस न बघितलेलं एक अक्षर लिहायचा नाही, तो भरल्या बाकासमोर आठ अनारसे खाल्ले म्हणून खोटं बोलला. त्या खोट्यानं एका खऱ्या माणसाची नोकरी राहिली, बायको राहिली. बरं, त्यांना माहीत होतं की पट्टीवर काय येणार. चार महिने बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नाही, ते त्यांनी एका परक्या ड्रायव्हरसाठी टेबलावर उघडं मांडलं. अठी, सगळ्यांसमोर. आणि मला लावायला सांगितलं.

सासऱ्याचं मी समजू शकते. ड्रायव्हरचंही. त्यांना पट्टीतलं काय कळतं? पण माझं काम तेच आहे. आधीची नोकरी धरून मी दहा वर्षं लघव्या तपासते. मला माहीत होतं त्यांना शुगर आहे, मला दिसत होतं ते वाळत चाललेत, आणि ती एक रेघ माझ्या नाकासमोर होती.

आणि मी सगळ्यांबरोबर हसले.